हॉटेल नदीकिनारा आणि मी रिकामं केलेलं धरण

आमच्या घराण्यात धरण रिकामं केलेला माणूस एकच झाला, आणि तो मी. बाकीच्यांनी फार तर विहिरी उपसल्या.

गोष्ट आहे मोबाईलवर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे तेव्हाची. मी भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. नट-बोल्ट मोजून मोजून डोकं फिरलं आणि एक दिवस घरी येऊन जाहीर केलं, "आता नोकरी करायची नाही, लोकांना द्यायची!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात वैरण टाकत होते. ते वळलेसुद्धा नाहीत. "दे की. गोठ्यात एक गडी पाह्यजेच हाय. उद्यापासनं तूच ये."

पण माझा विचार गोठ्यापर्यंत थांबणारा नव्हता. आमचं रान पिंपळवंडीला, धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. आणि धरणाच्या वरच्या अंगाला, ओझरच्या वाटेवर, साठलेल्या पाण्याच्या फुगवट्याच्या काठी एका शेठनं दहा गाळे बांधले होते. त्यांनी एक रंगीत कागद छापला होता. त्यावर निळंशार पाणी, पांढरे हंस, छत्र्या आणि छत्र्यांखाली गोरे लोक. (जुन्नर तालुक्यात एवढे गोरे लोक एका जागी मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.) मी गाळे बघायला गेलो तो जानेवारी महिना होता. पाणी थेट पायरीला लागलेलं. शेठ म्हणाले, "गणपतीला येणारा माणूस दर्शन घेणार, मग त्याला भूक लागणार, मग त्याला नदी दिसणार. तो जाईल कुठं?"

मला हे इतकं पटलं की मी तिथंच गाळा नंबर चार घेतला. नाव ठेवलं 'हॉटेल नदीकिनारा'.

तो माणूस कुठं जातो ते मला आठ दिवसांत समजलं. तो घरून डबा आणतो. बसमधून उतरतो, माझ्या खुर्च्यांवर बसतो, माझ्या टेबलावर चपात्या, ठेचा नि दशम्या पसरतो आणि मला हाक मारतो, "ओ भाऊ, माठातलं पाणी हाय का?" मी पाणी द्यायचो. मग "मीठ आहे का?" मीठ द्यायचो. एका आजीबाईंनी तर पिशवीतला कांदा काढून माझ्या हातात दिला. "एवढा फोडून दे रे बाबा, माझ्यात आता जोर न्हाई राह्यला." मी फोडून दिला. जाताना म्हणाल्या, "हॉटेल लई चांगलं हाय तुझं. पुढल्या चतुर्थीला परत येऊ." आणि खरंच आल्या. कांदा घेऊन!

शेजारच्या पाच नंबरच्या गाळ्यात जुन्नरचे इस्माईलभाई होते. त्यांचं बांगड्यांचं दुकान जुन्नरच्या पेठेत बापजाद्यांपासूनचं, पण इथं नदी आहे म्हणून त्यांनी बांगड्यांबरोबर पोरांना पोहायच्या रबरी ट्यूबा आणून टांगल्या होत्या. शंभरएक ट्यूबा. गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं त्या ट्यूबांवर बसून चहा प्यायचो.

"बाळूभाई," ते एकदा म्हणाले, "लोकांना थांबवायचं तर काहीतरी तमाशा पाहिजे."

"तमाशा नको, अण्णा घरात घेणार नाहीत."

"तसला नाही हो! पाण्यात काहीतरी. बोट, वगैरे."

झालं! बोटीनं माझं डोकं खाल्लं. पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या बागेतून मी पायडल मारायची एक जुनी बोट उचलली. बदकाच्या आकाराची, चार माणसांची. कांद्याच्या ट्रॉलीत घालून ती नारायणगावातून आणली तेव्हा रस्त्यावरची पोरं ट्रॉलीमागं पळत होती आणि त्या बदकाची मान विजेच्या तारांना लागू नये म्हणून मी ट्रॉलीत उभा राहून तिला मिठी मारली होती. अण्णांनी ते बदक दारात पाहिलं, एक फेरी मारली आणि विचारलं, "अंडी देतं का?"

"अण्णा, ही बोट आहे."

"मंग दूध तरी?"

पण बोट चालली हो! फेब्रुवारी-मार्च लोक डबा खाऊन का होईना, बोटीत बसायला लागले. बोटीतून उतरले की भज्यांचा वास यायचा आणि दहातले चार तरी भजी घ्यायचे. मी फलकावर खाली लाल अक्षरात लिहून घेतलं, 'बोटिंगची सोय'. हॉटेलमालक म्हणून माझी चाल बदलली, असं माझी बायको सुरेखा सांगते. मी बनियनवर चहा पिणं बंद केलं, एवढं मला आठवतं.

आता इथं नंदा येते. नंदा माझी धाकटी बहीण. डी.एड. झालेली, हुशार, तोंडानं फटकळ. तिची दोन स्थळं मोडली होती आणि दोन्ही माझ्यामुळं. पहिल्या पाहुण्यांना मी सांगितलं, "आमची बारा एकर बागायत." ते म्हणाले, "चला, बघू." बघायला गेले आणि शेजाऱ्याची आठ एकर मोजून झाल्यावर शेजारी काठी घेऊन आला. दुसऱ्या वेळी मुलाचे काका म्हणाले, "मुलीला गाता येतं का?" मी म्हणालो, "रेडिओवर गायलीय!" (ती रेडिओच्या टेबलावर चढून गायली होती, तेव्हा ती चार वर्षांची होती.) काकांनी तिथंच गायला लावलं. नंदा गायली. काका उठले.

तिसरं स्थळ आलं आंबेगाव तालुक्यातल्या पेठचं. मुलगा प्रकाश, प्राथमिक शाळेत शिक्षक. हा नंदाच्याच कॉलेजात तिच्या पुढं दोन वर्षं होता आणि तिला तो आवडायचा. ही गोष्ट तिनं फक्त सुरेखाला सांगितली होती, सुरेखानं फक्त मला, आणि मी... जाऊ दे. पण या वेळी नंदानं मला ओट्यावर बसवून बजावलं.

"दादा, तुझ्या पाया पडते. मला हे स्थळ पाहिजे. तू तोंड उघडू नको."

"मी काय करतो गं?"

"तू बोलतोस."

मी शब्द दिला. आणि चारच दिवसांनी प्रकाशचे वडील, तात्या, आमच्या मामांबरोबर उभ्या उभ्या चौकशीला आले. साधा माणूस, पांढरं धोतर, टोपी. त्यांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "मुलीचे बंधू काय करत्यात?"

मी तोंड बंद ठेवलं होतं. देवाशपथ ठेवलं होतं! पण मामा म्हणाले, "हॉटेल हाय नदीकाठी." तात्या म्हणाले, "हां?" आणि त्या "हां"मध्ये मला जरा शंका वाटली. मग माझं तोंड आपोआप उघडलं.

"नुसतं हॉटेल नाही, तात्या. समोर समुद्रासारखं पाणी. बोटिंग आहे. पुण्याचे लोक येतात!"

तात्यांचे डोळे चमकले. त्यांचं पेठ पडलं सातगाव पठारावर. तिथं पावसाच्या भरवशावर बटाटा होतो, आणि पाऊस सरला की हंडे. "समुद्रावाणी? मंग बघायचा कार्यक्रम तिथंच करू की! आमची नातवंडं हायेत, त्यांनी बोट बघितलीच न्हाई. येत्या रविवारच्या पुढचा रविवार. काय म्हणता?"

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. ते नंदानं हातातलं ताट टाकलं होतं.

तरी ती मला म्हणाली, "ठीक आहे. नदी तर आहे ना? बोट तर आहे ना? या वेळी तू खोटं बोलला नाहीस, हेच पुष्कळ." मी म्हणालो, "बघ!"

आता मधल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो आणि इथून पुढं मला हसलात तर माझी हरकत नाही.

एप्रिल लागला होता. धरणाखाली नदी कोरडी, बंधारे कोरडे, आमचा ऊस माना टाकायला लागलेला. सोमवारी सकाळी मारुतीच्या देवळात गाव जमलं. धरणातून नदीला पाणी सोडावं म्हणून निवेदन द्यायचं ठरलं. आता निवेदन कोण लिहिणार? अण्णा छाती फुगवून म्हणाले, "आमचं बाळ्या लिहील. त्याचं मराठी लई कडक हाय. दोन स्थळं मोडलीत त्यानं नुसत्या मराठीवर!"

लोक हसले, पण कागद माझ्याच पुढं आला. आणि एकदा कागद पुढं आला की मी मागं हटत नाही. मी लिहिलं, "आमच्या पिकांच्या घशाला कोरड पडली असून धरणात मात्र पाणी निवांत लोळत आहे." मी लिहिलं, "वर पाण्यात करमणूक आणि खाली शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी, हा कुठला न्याय?" (वर पाण्यात करमणूक म्हणजे संपूर्ण धरणावर एकच होती. माझं बदक!) शेवटी लिहिलं, "चार दिवसांत पाणी न सुटल्यास खाली सही करणारे धरणाच्या भिंतीवर आमरण उपोषणास बसतील." वाचून दाखवलं तर दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पहिली सही मी केली, ठळक. गावानं टाळ्या वाजवल्या.

आमच्या भागात निवेदनाचा अनुभव काय, तर ते द्यायचं, पोच घ्यायची, पोच देव्हाऱ्यात ठेवायची आणि पावसाची वाट बघायची. तीन पिढ्या हेच चाललेलं. पण माझ्या निवेदनात काय ताकद होती कोण जाणे, बुधवारी पहाटे पाणी सुटलं!

गावात दिवाळी झाली. बंधाऱ्यावर नारळ फुटले. पिंपळवंडीच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल लावला, हलगी वाजली. दोन दिवस मी हॉटेल बंद ठेवून सत्कार घेत फिरत होतो. अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "माझ्या पोरानं धरण सोडलं." आणि नदीचं पाणी बघून माझं मन इतकं भरून आलं, इतकं भरून आलं, की हे पाणी येतंय कुठून असा विचार एकदाही मनात आला नाही. मीच काय, अण्णांच्या, मामांच्या, गावात कुणाच्याच आला नाही. खाली पाणी आलं म्हणजे आलं. ते वरचं कमी होतं, ही गोष्ट खालच्या माणसाला कधी सुचत नाही.

शुक्रवारी दुपारी मी हॉटेल उघडायला गेलो. केसात अजून गुलाल होता. इस्माईलभाई गाळ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बाळूभाई, बरं झालं आलात. सकाळपासून शोधतोय. तुमची नदी कुठं गेली?"

मी बघितलं. पायरीच्या खाली गाळ. गाळाच्या पुढं गाळ. त्याच्या पुढं भेगा, शिंपले, एक फुटका माठ, आणि दोन-अडीचशे पावलांवर पाण्याची एक चमकती रेघ. मधोमध माझं बदक कुशीवर झोपलेलं, मान चिखलात. त्याच्या पोटावर दोन खरे बगळे बसले होते.

रविवार! तात्या! नातवंडं! आणि नंदा!

"इस्माईलभाई, माझं वाटोळं झालं हो!"

"तुमचं एकट्याचं? मी शंभर ट्यूबा टांगल्यात!"

मी तसाच स्कूटर काढून धरणावरच्या चौकीत गेलो. तिथं एक वयस्क कर्मचारी पान लावत बसले होते. मी नमस्कार घातला आणि म्हणालो, "काका, जरा पाणी बंद करता येईल का? फक्त रविवार संध्याकाळपर्यंत."

"अर्ज द्या."

तिथंच कागद मागून मी अर्ज लिहिला. "धरणातील पाणी वारेमाप खाली सोडल्यामुळे काठच्या व्यवसायांच्या घशाला कोरड पडली असून..." काकांनी तो वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मग कपाटातून एक फाईल काढली, त्यातला एक कागद काढून माझ्या अर्जाशेजारी ठेवला आणि चष्मा खाली घेऊन म्हणाले, "अक्षर एकच दिसतंय."

मी पेन हळूच खिशात घातलं.

"घशाला कोरडबी एकच दिसती."

"काका, परिस्थिती बदलली."

"चार दिसांपूर्वी पाणी सोडलं न्हाई तर उपोषणाला बसणारे तुमीच ना, बाळासाहेब ज्ञानदेव?"

"हो, पण..."

"मंग आता बंद केलं न्हाई तर बसणार का? तसं असंल तर सांगा, भिंतीवर सतरंजी टाकून ठेवतो." असं म्हणून त्यांनी दोन्ही कागद एकाच टाचणीनं टाचले. जाताना मात्र म्हणाले, "पैलं निवेदन झकास व्हतं बरं का. आमी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं."

घरी आलो तर नंदा दारातच. तिला बातमी कुणीतरी दिली होती. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती ओरडली नाही. ओट्यावर बसली आणि पदर डोळ्याला लावला. "मी काय वाईट केलं रे तुझं, दादा?" एवढंच म्हणाली. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्लीत, पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. आई मला बघून तोंड फिरवून आत गेली.

कार्यक्रम पुढं ढकलायचा तर मामा फोनवर खेकसले. "दोन मोडलीत, तिसरं पुढं ढकला म्हंजे पोरीत काय खोट हाय असं व्हईल! काय करायचं ते करा, रविवारी पावणं येणार."

मग अण्णा उठले. "रानात पाण्यासाठी नाचत व्हतास तवा हॉटेल कुठं आठवलं न्हाई?"

"तुम्हाला तरी आठवलं का?"

"माझं न्हाईच हॉटेल. चल, खोरी घे."

शनिवारी सकाळी सगळी फौज काठावर. आधी ट्रॅक्टरनं बदक पाण्याकडं ओढायचं ठरलं. ट्रॅक्टर तीस पावलं गेला आणि चाकांच्या आसापर्यंत बसला. त्याला काढायला दुसरा आणला, तो आधीच्याच्या शेजारी जाऊन बसला. शेवटी अण्णांची बैलजोडी आली. बैलांनी दोन्ही ट्रॅक्टर काढले, बदक काढलं, पण एक अट घातली, की आम्ही फक्त काठाकडं ओढणार, नदीकडं एक पाऊलही टाकणार नाही. तेव्हा बदक परत हॉटेलपुढं आलं.

"बदक पाण्याकडं जात न्हाई," अण्णा घाम पुसत म्हणाले, "तर पाणीच बदकाकडं आणू."

हॉटेलच्या पायरीपुढं आम्ही खड्डा खणला. इस्माईलभाईंनी लुंगी वर खोचून फावडं मारलं आणि गाळेवाले सगळेच मदतीला आले. खड्ड्यात कांदा झाकायची ताडपत्री अंथरली. राहिलं पाणी. आसपास विहिरीवर मोटार चालवायची तर भारनियमन! मग टँकर सांगितला. टँकर भरला कुठं? तर पिंपळवंडीच्या बंधाऱ्यावर, अण्णांच्या इंजिनानं! म्हणजे जे पाणी मी कडक मराठीत अर्ज करून खाली पाठवलं, तेच मी टँकरनं वर आणत होतो. तीन खेपा. चौथ्या खेपेला बंधाऱ्यावरच्या लोकांनी टँकर अडवला आणि मला विचारलं, "बाळासाहेब, आमच्या घशाला कोरड पाडता का?"

पण बदक तरंगलं! वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद डबक्यात, मान ताठ करून.

रविवारी पाहुणे आले. अकरा येणार म्हणाले होते, दोन जीपमधून एकवीस उतरले. भेट म्हणून बटाट्याचं एक पोतं आणलं होतं. आईनं आणि सुरेखानं पहाटेपासून खपून मासवडी आणि रस्सा केला होता, त्याचा वास सुटलेला. प्रकाश नव्या बुटात लाजत उभा. प्रकाशच्या आत्याबाई, जाडजूड आणि करारी, पायरीवर आल्या, डबकं बघितलं, लांबवर नजर टाकली, परत डबकं बघितलं.

"हीच का ती नदी?"

"सध्या जरा आटोपशीर आहे," मी म्हणालो.

नंदा पोहे घेऊन आली. आत्याबाईंनी शाळेबद्दल विचारलं, नंदानं नीट उत्तरं दिली. प्रकाशनं विचारलं, "मला ओळखलंत का?" नंदा म्हणाली, "हो," आणि पोह्यांचा चमचा उलटा धरला. सगळं सुरळीत चाललेलं. मी तोंड बंद ठेवून उभा होतो. तेवढ्यात नातवंडांनी कालवा केला, "बोट! बोट!"

चार पोरं बोटीत बसली, मी दोरी धरून बोट गोल गोल फिरवली. पोरं खूश. तात्या बघत होते. त्यांचा चेहरा त्या पोरांसारखाच झाला होता. "मी बी बसू का? जन्मात बसलो न्हाई."

आता नको कसं म्हणणार? पोरं उतरली, तात्या बसले, धोतर सावरलं. शोभा म्हणून शेजारी मी बसलो. "मारा पायडल!" मी म्हणालो. पठारावर चालून कमावलेले पाय ते. त्यांनी असा जोर लावला की बदक सुसाट निघालं आणि पंधरा फूट रुंदीचं डबकं लगेच संपलं. बदकाच्या पोटाखालचं सुकाणू ताडपत्रीत घुसलं. चर्रर्र!

पाणी आवाज न करता गाळात शिरायला लागलं. बदक खाली खाली गेलं. मग एका कुशीला कललं. आम्ही दोघं त्याच कुशीला गेलो. तात्या गुडघ्यापर्यंत चिखलात, टोपी पुढं पडलेली. त्यांना धरायला मी उडी मारली ती थेट कमरेपर्यंत गेलो. एक पाय काढावा तर दुसरा आत. काठावर वीस पाहुणे आणि आमचं अख्खं घर बघतंय.

आणि प्रकाशनं बूट काढले. नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ चिखलात उतरला. नंदानं पोह्यांचं ताट खाली ठेवलं, बैलांचा कासरा उचलला आणि एक टोक त्याच्याकडं फेकलं. त्यानं तात्यांच्या काखेतून घेतलं. "ओढा!" तो म्हणाला. "तुम्ही ढकला!" ती म्हणाली. दोघांनी मिळून आधी तात्यांना काढलं, मग मला. नंतर मी बघितलं, तर दोघांच्या गालावर एकाच जागी चिखल लागला होता आणि दोघंही तो पुसत नव्हते.

तात्यांना खुर्चीवर बसवून आईनं माठातलं पाणी पायांवर घातलं. इस्माईलभाईंनी हवा भरलेली एक ट्यूब त्यांच्या पाठीमागं टेकायला दिली. (त्या हंगामात कामाला आलेली ती पहिली ट्यूब!) तात्यांनी टोपी झटकली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "समुद्रावाणी पाणी व्हतं म्हणाला व्हता. गेलं कुठं?"

माझं तोंड उघडलं. "ऊन लई आहे ना यंदा, तात्या. वाफ..."

"दादा!" नंदा मधेच कडाडली. मग तात्यांपुढं जाऊन उभी राहिली, चिखलानं भरलेल्या हातांनी. "तात्या, खरं सांगते. पाणी होतं. खाली रानं जळत होती, म्हणून दादानं निवेदन लिहिलं आणि पाणी सुटलं. इथं आपलं हॉटेल आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. हे डबकं टँकरचं आहे. तुम्हाला कमी वाटू नये म्हणून केलं."

आत्याबाईंनी पदर खोचला. मामांनी कपाळाला हात लावला. गेलं, तिसरंही गेलं, असं मी मनात म्हटलं आणि नंदाच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

तात्या पुढं वाकले. "निवेदन कंदी दिलं?"

"सोमवारी," मी पुटपुटलो.

"आन् पाणी?"

"बुधवारी सुटलं."

"दोन दिसांत?" तात्या उभेच राहिले. "आत्याबाई, ऐकलं का? आमी पठारावर पाण्यासाठी कागद लिहून लिहून म्हातारे झालो. हितं या गड्यानं दोन दिसांत धरण रिकामं केलं! आन् ही पोर खरं बोलती, चिखलात कासरा टाकती. आपल्याला आणखी काय पाह्यजे?" मग माझ्या चिखलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोयरीक पक्की. पण एक अट. आमच्या गावचं निवेदन तुमी लिहायचं."

आत्याबाईंनी मासवडीचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाल्या, "रस्सा वाढा." आमच्याकडं याला होकार म्हणतात.

मे महिन्यात लग्न झालं. हॉटेल मात्र तेवढ्यातच आटोपलं. समोरच्या गाळात अण्णांनी काकडी लावली आणि माझ्या भज्यांपेक्षा ती जास्त खपली. डबेवाले लोक तिला मीठही माझ्याकडूनच मागायचे. इस्माईलभाई ट्यूबा घेऊन जुन्नरला परत गेले, मी कांद्याच्या रानात परतलो आणि खरं सांगायचं तर तिथं मला बरं वाटतं. बदक आता गोठ्यापुढं आहे. त्यात कोंबड्या बसतात. अण्णा सांगतात, "बघ, शेवटी अंडी दिली का न्हाई!"

पेठला मात्र माझा मान मोठा आहे. गेलो की पारावर सतरंजी पडते, चहा येतो, तात्या ओळख करून देतात, "ह्ये आमच्या सुनेचे बंधू. यांनी लिहिलं की धरण हलतं." मग कागद पुढं येतो. आजवर मी त्या गावासाठी चौदा निवेदनं लिहिली, एकाहून एक कडक. पठारावर थेंबही आला नाही. परवा तात्या जरा खट्टू होऊन म्हणाले, "बाळासाहेब, तुमच्या हाताला यश हाय, मंग आमच्याकडंच पाणी का येत न्हाई?"

नंदा चहा घेऊन येत होती. कप माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "तात्या, दादाच्या निवेदनानं पाणी येत नसतं. जातं."